प्रिय कर्मचारी

खोटी मेल ओळखता येणाऱ्या माणसाला कशाचीच भीती नसते, असं कंपनीच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं. तेव्हा गोदामप्रमुखांनी जोरात मान डोलावली होती. आज त्यांची पाचावर धारण बसली होती. मेल आली होती : ‘प्रिय कर्मचारी, आपली सेवा आजपासून संपुष्टात येत आहे. संध्याकाळच्या आत खालील लिंकवर संमती द्या, अन्यथा अंतिम हिशेब रोखला जाईल.’

ते धापा टाकत कॉम्प्युटर विभागातल्या मॅडमकडे गेले.

“बघा, शिकवलेली सगळी लक्षणं आहेत. घाई आहे, धमकी आहे, लिंक आहे. खोटीच ना?”

मॅडम मेल कुठून आली ते तपासत होत्या.

“आणि नाव कुठंय माझं? वीस वर्षं काढली इथे. अहो, विजेच्या बिलावरसुद्धा नाव असतं माणसाचं! आपल्या लोकांनी पाठवली असती तर घातलं नसतं? खोटी आहे म्हणा ना, मॅडम.”

“काका, आपल्याच ऑफिसातून आलीय,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “सगळ्या गोदामाला एकच पाठवलीय.”