तिसऱ्या अवस्थेचं गवत

गाईनं गवत हुंगलं आणि तोंड फिरवलं.

परीक्षक साहेबांनी पेंढी उचलून पुन्हा तिच्या नाकाशी धरली. गाईनं असा काही फुत्कार सोडला की साहेबांच्या चष्म्यावर तुषार उडाले.

"प्रफुल," साहेब चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या प्रबंधाप्रमाणे या बी धरलेल्या गवतातही बारा टक्के प्रथिनं आहेत. हिला कुणी सांगितलेलं दिसत नाही."

प्रफुल हसला. हसण्यावाचून करणार काय? त्याची पाच वर्षांची पीएच.डी. मूल गावाजवळच्या या खेड्यात, चंदाबाईच्या गोठ्यात, एका गाईच्या तोंडाशी येऊन अडकली होती. साहेबांची सही झाली तर तो डॉक्टर. नाही झाली तर घरच्यांनी छापून आणलेल्या तीनशे लग्नपत्रिकांवर नावाआधीचं 'डॉ.' खोडत बसावं लागणार होतं.

प्रबंधाचा विषय साधा होता. हे गवत बाहेरून आलेलं. कुणी पेरलं नाही, कुणी मागितलं नाही. तरी बांध, गायरान, जंगलाची कड सगळं बळकावून बसलं. गावकरी त्याला 'पाव्हना' म्हणत, कारण आला तो गेलाच नाही. प्रफुलनं ते तीन वेळा कापायचं होतं. कोवळं असताना, फुलोऱ्यात आणि बी धरल्यावर. मग कोणत्या वेळी त्यात किती कस असतो ते मोजायचं.

कुठलंही गवत बी धरलं की कडक होतं आणि त्याचा कस जातो. हे शेंबडं पोरही सांगेल. पण प्रफुलच्या तिसऱ्या नमुन्यातही प्रथिनं बाराच्या बारा निघाली. त्याचे गाईड आनंदानं वेडे व्हायचे बाकी राहिले. त्यांनी या गवताला 'सदातरुण' असं नावही देऊन टाकलं. ते स्वतः दर पंधरा दिवसांनी केस काळे करत, त्यामुळे शब्द चटकन सुचला असावा. एवढ्यावर थांबायचं, तर त्यांनी परीक्षकांना आग्रहानं इथं आणलं. या, डोळ्यांनी पाहा म्हणाले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आता गाईड गोठ्याबाहेर उभे राहून एका मोहाच्या झाडाचा फार खोल अभ्यास करत होते.

"नमुने कापले कुणी?" साहेबांनी विचारलं.

"मीच, सर."

ही शुद्ध थाप होती. गवतात लाल झेंड्या त्यानं रोवल्या होत्या, एवढंच खरं. पुढे रिकामी पोती चंदाबाईच्या हाती देऊन तो मूलला पंख्याखाली जाऊन बसायचा. गवत कमरेइतकं आणि त्याला सापाची भीती डोक्याइतकी. प्रबंधात मात्र 'संशोधकाने स्वतः' असं लिहिलं होतं. तेही दोनदा.

साहेबांनी पेंढी खाली टाकली. मग म्हणाले, "असो. जनावरं लहरी असतात." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि ओट्यावर बसून प्रबंधाची पहिली प्रत उघडली. एकूण पाच प्रती होत्या. प्रफुलच्या जिवात जीव आला.

चंदाबाईच्या मात्र आला नव्हता. साहेबांच्या कपाळावरची आठी तिनं पाहिली होती. पोरगा चांगला होता. घरी आला की पाटोडीची भाजी मागून खायचा, जाताना ताट धुऊन ठेवायचा. त्याचं काम गाईच्या नखऱ्यापायी बिघडावं हे तिला सहन होईना. ती विळा घेऊन मागच्या दारानं निघाली आणि घरामागच्या बोडीच्या, म्हणजे लहानशा तळ्याच्या, ओल्या काठावरून हिरवागार भारा कापून आणला.

साहेबांचं पेन तिसऱ्या प्रतीवर टेकलं तेव्हा तिनं तो भारा गाईपुढे टाकला. गाय मचामचा खाऊ लागली.

"हे पाहा जी साहेब," चंदाबाई म्हणाली. "हे बी तेच गवत. खाते का नाई?"

पेन थांबलं. "बाई, हे तर कोवळं आहे. जानेवारीत कुठून आणलं?"

"बोडीवरून. तिथी ओल राहते. कापलं का पुन्हा फुटते. यायच्या पोत्यात तिन्ही खेपेले म्या हेच तं भरलं."

बाहेर गाईड झाड सोडून गाडीत जाऊन बसले. साहेबांनी केलेल्या दोन सह्या शांतपणे खोडल्या आणि पेनला टोपण लावलं.

प्रफुलचे कान तापले. आधी राग आला, मग लाज वाटली, मग सरळ रडूच आलं.

"बाई, मी झेंड्यातलंच कापा म्हनलं होतं ना? काऊन केलं असं?"

चंदाबाईला नवलच वाटलं. एवढा शिकलेला माणूस, आणि असं विचारतो!

"तुमीच म्हनलं ना, या गवतावर माहं पास-नापास हाय म्हनून? झेंड्यातल्या तं वाळून काड्या झाल्या होत्या, बाप्पा. त्या काड्यायवर तुमाले पास कोन करन?"