जास्तीचा टॅक्स

"सात हजार चारशे." टॅक्सची कामं करणाऱ्या नागेंद्रनं कॉम्प्युटर जयाबाईकडं वळवला. "यंदाचा रिफंड एवढाच आलाय, आक्का."

जयाबाईनं स्क्रीनकडं बघितलंच नाही. ती त्याच्या तोंडाकडं बघत होती. गेल्या वर्षी हाच रिफंड दीड लाखाच्या वर होता. आणि गेल्या वर्षी खडेबाजारातल्या त्याच्या या माडीवरच्या ऑफिसात नुसता पंखा गरगरत होता. यंदा एसी आलाय, दाराला काच बसलीय. कुठंतरी पाणी मुरतंय, हे जिना चढून आल्या आल्या तिनं ओळखलं होतं.

"बाकीचं कुठं गेलं?"

"बाकीचं कुठलं?"

"येड पांघरू नको रं. वर्षाला चार हप्ते भरतोय आमी ॲडव्हान्स टॅक्सचे. जास्तीचं भरलेलं माघारी येतंय. दरवर्षी येतंय. यंदाच कुणी खाल्लं?"

शेजारच्या खुर्चीवर तिचा नवरा सुबराव बशीत ओतून चहा पीत होता. "जाऊ दे गं," तो म्हणाला. "पोरगं चांगलं हाय. सरकारनंच काय तरी नियम बदलला असंल. चल, ऊठ."

"तुमी चा प्या."

सुबराव चहा प्यायला लागला. अख्ख्या वडगावात याच्याइतका भला माणूस नाही, असं सगळी गल्ली म्हणायची.

जयाबाईचं सगळं लक्ष टेबलाच्या पलीकडं, नागेंद्रवर होतं. लेकीची, रचनाची, नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी सोमवारी भरायची होती. पोरगी धारवाडला हॉस्टेलमधून दिवसाला दोनदा फोन करत होती. ही फी या रिफंडमधूनच जायची, हे वर्षापूर्वीच ठरलेलं. त्यासाठीच तर घरातले साड्यांचे चार माग सकाळपासून झोपेपर्यंत खडखडत होते.

"मागच्या जूनला सह्या करून चार चेक दिलते तुझ्याजवळ. चाळीस-चाळीस हजाराचे. तारखा आल्या की बँकेत टाक म्हणलते. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"आणि पैसे गेलेत आमच्या दोघांच्या खात्यातनं. मिस कॉल दिला की बँकेचा मेसेज येतोय मला. दर बारीला खातं रिकामं. मग ते हाय कुठं? तुझ्या एसीत?"

नागेंद्रचे कान लाल झाले. त्यानं ड्रॉवर ओढला, एक पाकीट काढलं आणि त्यातले चारही चेक ओळीनं तिच्यासमोर मांडले.

"एक पण टाकला न्हाय, आक्का. तुमच्या कमाईवर आता टॅक्सच बसत न्हाय. बारा लाखापर्यंत माफ हाय. मग फुकटचं कशाला भरायचं? हप्ते बंद केलो मी. भरलंच न्हाय तर माघारी काय येणार? व्यापाऱ्यांनी साड्यांच्या मजुरीतनं कापलेला टीडीएस तेवढा आलाय. तुमचं एक लाख साठ हजार तुमच्याच खात्यात हाय की!"

जयाबाईनं एक चेक उचलला. उलटा केला, सुलटा केला, उजेडाला धरून बघितला. सही तिचीच. बँकेचा शिक्का कुठंच नव्हता.

"मला न सांगता बंद केलास?"

"ह्या आण्णांना सांगितलतो की. जूनमधेच, फोनवर. घरात सांगतो म्हणालते."

शेजारी बशी टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

"टॅक्स बसत न्हाय ते मला म्हाईत न्हाय व्हय रं?" जयाबाई बोलत होती नागेंद्रशी, पण नजर दुसरीकडं होती. "घरात ठेवलं तर पावणे मागतेत. बँकेत ठेवलं तर भावकी मागतेय. सरकारकडं ठेवलेलं उसनं मागाय कोण जातंय? म्हणून भरत होते जास्तीचं."

नागेंद्रच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. "एकदा सांगायचं की मला, आक्का..."

तिनं ऐकलं नाही. "कुणाला दिले?" तिनं नवऱ्याला विचारलं.

सुबराव खिडकीबाहेर बघत होता. "भरमूला."

भरमू त्याचा धाकटा भाऊ.

"सगळे?"

"एकदम न्हाय गं. थोडं थोडं करून. दुकान अडलंय त्याचं. दिवाळीला देतो म्हणालाय."

"कुठल्या दिवाळीला?"

"आगं, दारात येऊन उभारला. खात्यात पैसे दिसत हुते. दिसत असताना न्हाय कसं म्हणू? एरवी दरवर्षी न्हायच म्हणतोय की मी. टॅक्सला गेलं म्हणतोय. ते खरं असतंय, म्हणून तोंडातनं निघतंय."

यात खोटं काहीच नव्हतं. सुबराव बायकोशी कधी खोटं बोलला नव्हता. यंदा फक्त सांगायचं राहून गेलं होतं, वर्षभर.

जयाबाईनं चेक गोळा केले. मग त्याच्या शर्टाच्या खिशातला मोबाईल काढून त्याच्यासमोर ठेवला.

"लावा फोन. हितंच, माझ्यासमोर. रचनाची फी हाय म्हणा. सोमवारच्या आत पायजेत म्हणा. स्पीकरवर टाका."

नागेंद्र उठून बाहेर जायला निघाला. "बस रं," ती म्हणाली. तो बसला.

सुबरावनं धोतराला हात पुसले. नंबर लावला. रिंग जात राहिली. कुणीच कुणाकडं बघत नव्हतं.

"बोल की रं आण्णा!" भरमूचा आवाज खोलीभर घुमला. मागं दुकानातला गलका ऐकू येत होता.

सुबरावनं तोंड उघडलं. जयाबाईकडं बघितलं. घसा खाकरला.

"आण्णा? काय झालं रं?"

"काय न्हाय, काय न्हाय," सुबराव म्हणाला. "सहज केलतो. जेवलास काय?"