शुद्ध संस्कृत

"नवी सिस्टिम टाकू नका, आपले फॉन्ट त्यात गडबडतील," छापखान्यात वीस वर्षं मजकूर जुळवणाऱ्या मंदाकिनीताईंनी मालकांना बजावलं होतं. त्या चार दिवस रजेवर गेल्या आणि मालकांनी हौस भागवून घेतली.

ताई परतल्या तर चौकात नगरसेवक दादासाहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स झळकत होता. वर हसरा चेहरा, खाली 'ळांश्चठ भ्गद्यूं ङ्हथा'. शेजारी मालक घामाघूम. तेवढ्यात दादासाहेबांची गाडी थांबली.

"हे काय लिहिलंय?"

मालक रुमालाने घाम पुसू लागले. एक कार्यकर्ता चटकन म्हणाला, "साहेब, संस्कृत!"

"आमच्या नव्या सिस्टिमवर निघतं," मालकांना वाचा फुटली.

दादासाहेबांनी फ्लेक्सला हात जोडले आणि तसेच आणखी दहा सांगितले.

ताईंना राहवेना. दुपारभर खपून त्यांनी फॉन्ट दुरुस्त केले, 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' असा शुद्ध नमुना छापला आणि स्वतः बंगल्यावर नेला.

दादासाहेबांनी तो वाचला. त्यांचा चेहरा पडला.

"ताई, हे तर कुणालाही कळतंय," ते कुरकुरले. "जुन्या सिस्टिमवर काढलंत का?"