स्वच्छ स्पंज

भावजयीने मोकळ्या हाताने काचेवर थापा मारल्या. आत पंपांची घरघर चालू होती. नणंदेची पाठ काही वळली नाही.

नणंदेच्या हातात जंतू मारायच्या औषधाची बाटली होती. समोरच्या टाकीत तपकिरी, बुळबुळीत स्पंज, खडकाला चिकटून जगणारा समुद्री प्राणी. शेजारच्या दोन टाक्यांत आणखी दोन. भावजयीने स्वतः बुडी मारून तिन्ही समुद्रातून वर आणले होते. नंतर बंदराच्या कामात तो अख्खा खडकच गाळाखाली गेला. या जातीचे जगात उरले ते हे तीनच.

घरी नणंद-भावजय, प्रयोगशाळेत साहेब आणि हाताखालची. साहेबांना मागून सगळे फिनाईलताई म्हणत. नाव घरातूनच आलेलं, खुद्द भावाने ठेवलेलं. पाहुणा उठला की ती त्याचा कप उकळायला टाकायची. पण घरात त्यावर फार कुणी हसत नसे. वडिलांच्या पायाची जखम चिघळली, एकाही औषधाला दाद देईना, आणि धडधाकट माणूस हां हां म्हणता गेला. तेव्हापासून जंतू म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. आणि नेमक्या त्याच हट्टी जंतूला मारणारा रस या स्पंजांतून निघाला होता.

मग तिने स्पंजाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत जंतूंची ही गर्दी. स्पंज आजारी आहेत, तिने जाहीर केलं. असल्या घाणीत रस टिकणार कसा? भावजय म्हणाली, थोडं थांबू या. पण ऐकेल ती फिनाईलताई कसली. पहिल्या दोन स्पंजांना औषध दिलं. ते घासलेल्या भांड्यांसारखे लख्ख झाले. आज तिसऱ्याची पाळी होती.

भावजय काचेच्या तीन बशा घेऊन धावत आली होती. बशांत तो हट्टी जंतू वाढवून त्यावर एकेका स्पंजाचा ताजा रस टाकलेला. लख्ख स्पंजांच्या बशांत जंतू मजेत पसरला होता. रसाने त्याचं काहीएक बिघडवलं नव्हतं. घाणेरड्या स्पंजाच्या बशीत मात्र थेंबाभोवती रिकामं, स्वच्छ वर्तुळ होतं. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून तिने पुन्हा बघितलं. झाली नव्हती.

आत जायचं तर आधी अंघोळ, मग धुतलेले कपडे, टोपी, हातमोजे. फोन बाहेर. नियम नणंदेचा, आणि तो मोडला तर ती सख्ख्या भावालाही हाकलून द्यायची. काचेपलीकडे बाटलीचं झाकण निघालं.

भावजय रस्त्यावरच्या चपलांनिशी आत घुसली. बाटली कलली तशी तिने उघडा हात पाण्यावर धरला. पहिली धार तिच्या तळहातावर पडली.

नणंद ओरडली नाही. ते जास्त वाईट होतं. बारीक आवाजात तिने विचारलं, अक्कल गहाण टाकली आहेस का, बाहेरून किती घाण आणलीस आत? भावजयीला धाप लागली होती. तिने बशा पुढे केल्या.

“ताई, रस स्पंजाचा नाही. त्याच्या आत राहणारे जंतू तो बनवतात. आपण त्यांनाच मारत होतो.”

नणंदेने बशा उजेडात धरल्या. पहिली. दुसरी. तिसरी बराच वेळ धरली. चिठ्ठ्या वाचल्या. मग ती स्टुलावर बसली.

“बाबांना ज्यांनी मारलं, त्यांचेच हे भाऊबंद,” ती म्हणाली.

भावजयीने औषधाने भिजलेला हात कपड्यांना पुसला.

नणंद उठली. बाटलीला झाकण लावलं. हातमोजे काढले. या खोलीत तिचे उघडे हात भावजय पहिल्यांदाच बघत होती. नणंदेने तिसऱ्या स्पंजाचा नखाएवढा तुकडा कापला आणि वाटीभर पाण्यात बोटांनी चुरला. पाणी गढूळ झालं, आतले जिवंत जंतू त्यात उतरले. पहिल्या लख्ख स्पंजाच्या टाकीत औषध उरलं नव्हतं, पाणी कालच बदललं होतं. नणंद तिथे गेली. भावजयीने वाटीला खालून आधार दिला.

नणंदेने ते गढूळ पाणी हळूच टाकीत सोडलं.

“या,” ती म्हणाली. “घर तुमचंच आहे.”