काळे ठिपके

खड्डा तयार होता. देवाप्पानं चुन्याचं पोतं काठावर आणून टाकलं आणि फावडं टेकून उभा राहिला. पण शेवंताबाई सिमेंटच्या टाकीपासून हलेल तर शपथ!

"आक्का, ऊठ की गं आता."

"गप ऱ्हा रं."

टाकीत आजारी झिंगे होते. बोरगावच्या बायकांच्या मंडळानं तळ्यात पहिल्यांदाच झिंगे सोडले, आणि पंधरवड्यात निम्मे मेले. उरलेल्यांच्या पाठीवर काळे ठिपके उठले. हे गाडले की तळं गेलंच म्हणायचं. पंचायत ते मंडळाला पुन्हा थोडीच देणार होती?

बेळगावच्या मत्स्य ऑफिसातल्या विनोदिनीबाई जीपमधून उतरल्या त्या घड्याळ बघतच.

"आठ दिवस मागितलेत, दिले. आता पुरे. डाग म्हणजे रोग, शेवंताबाई. बाकीच्या तळ्यांत पसरला तर मी काय उत्तर देऊ?"

"मेलेलं झिंगं बघितलासा न्हवं? एकाच्या तरी अंगावर ठिपका हुता?"

विनोदिनीबाईंनी आठवून पाहिलं. नव्हता. मेलेले सगळे अगदी नितळ होते.

"जे रोगाशी झुंजलं, त्येंच्याच अंगावर ठिपका उठला. रोगाला तितंच दाबून धरलंय त्येंनी."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

शेवंताबाई टाकीवर वाकली. तिचा चेहरा लहानपणच्या देवीच्या वणांनी भरला होता. गावात देवी आली की आजाऱ्याच्या उशाशी तिलाच बसवायचे, हिला आता काही होत नाही म्हणून. देवाप्पाच्या उशाशीही तीच बसली होती.

तिनं बाह्या सारल्या आणि टाकीच्या तळाशी झिंग्यांना दडायला ठेवलेलं एक कौल उचललं. खाली एक झिंगा अंग चोरून बसला होता. मऊ, काचेसारखा, ठिपक्याचा मागमूस नाही. शेजारी त्याची टाकलेली कात पडली होती. तिनं ती उचलून विनोदिनीबाईंच्या तळहातावर ठेवली.

काळा ठिपका कातीवर होता.

विनोदिनीबाईंनी कात उन्हात धरून उलटीसुलटी केली. मग पदर खोचला आणि दुसरं कौल स्वतःच उचललं. तिसरंही. बऱ्याच वेळानं त्यांनी मान वर केली.

"देवाप्पा, खड्डा बुजवा."

देवाप्पा फावडं घेऊन पळालाच. शेवंताबाईनं ओल्या हातानं गाल पुसला आणि हसली.

"झिंग्यांचं बरं हाय, बाई. डाग टाकून मोकळं व्हत्यात."