विणकामाची शिकवणी

दुपारी झोपणं हे आळशी बायकांचं लक्षण, असं आमच्या सासूबाईंचं मत. बाळ रात्रभर कोणाला जागवतं, हा प्रश्न त्यांना कधी पडला नाही. माझी मैत्रीण नुसत्या गप्पांना आलेली त्यांना खपत नाही. पण ती "हिला लोकरीचं विणकाम शिकवते," म्हणाली, तेव्हा मात्र त्यांनी तिला रोज येऊ दिलं. नातवाला टोपी आयती मिळणार होती ना.

महिना झाला. टोपी बोटभर वाढते आणि पुन्हा उसवली जाते. सासूबाई संध्याकाळी ती चिमटीत धरून बघतात, मेलेलं झुरळ उचलावं तशी.

"ही पूर्ण होईपर्यंत पोराला मिशा फुटतील," काल त्या मैत्रिणीसमोरच म्हणाल्या. मग अंगातल्या स्वेटरची बाही माझ्या नाकासमोर धरली. "याला वीण म्हणतात. दुकानातला आहे. तुला सात जन्मांत जमायचं नाही."

"शिकेन हळूहळू," मी म्हणाले.

तो स्वेटर लग्नाआधी मीच विणलाय. होणाऱ्या सुनेच्या हातचा म्हटलं असतं तर त्यांनी नाक मुरडलं असतं, म्हणून त्यांच्या लेकाने दुकानातून आणल्याचं सांगितलं. आणि माझ्या मैत्रिणीला तर सुई कशी धरतात तेही ठाऊक नाही. ती येते, खोलीला आतून कडी लावते, बाळाला माझ्याकडून घेऊन खांद्यावर टाकते आणि म्हणते, "झोप आता. टोपी उसवण्यापुरता वेळ ठेवून उठवते."