रविवारचा उजेड

माझ्या योस्तला सगळं ॲम्स्टरडॅम दिसतं, आई तेवढी दिसत नाही. राहतो दोन पूल पलीकडे. पण पानगळ सुरू झाली की दर रविवारी गळ्यात कॅमेरा अडकवून गावभर पायपीट करतो, आणि मी फोन केला की म्हणतो, "आई, आज उजेड काय सुंदर पडलाय! पुढच्या रविवारी नक्की येतो."

यंदा त्याच्या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं, म्हणून शेजारच्या ट्रुसला घेऊन मी प्रदर्शनाला गेले. बघते तर फोटोत माझीच खिडकी! पडदे मी कधी ओढत नाही, लपवण्यासारखं काही केलेलंच नाही. आत मी बसलेली, समोर कॉफीचे दोन कप. खाली योस्तनं लिहिलं होतं, 'गेलेल्या नवऱ्याची वाट बघताना'.

ट्रुसनं डोळे पुसले. "अगं, अजून त्यांचा कप मांडतेस?"

लोक योस्तचं कौतुक करत होते. मी गर्दीतून वाट काढत त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले.

 

"तुझा बाप जन्मात कॉफीला शिवला नाही, शहाण्या. तो कप तुझा होता."